तांबडी माती, काळी माती आणि ओलं डांबर: एका थारच्या टायरची निवड

खानापूरचे एक पशुवैद्य, त्यांची २०१६ ची थार सीआरडीई, डिझेलवरची फोर बाय फोर, म्हणजे गरज पडली की चारही चाकांना ताकद देणारी. टायरचं माप २३५/७० आर १६ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात), कंपनीतून आलं तेच. मे महिन्यात गाडी आमच्या टायरच्या दुकानात आली तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. मागचे दोन टायर संपलेत, ते बदलायचे, आणि या वेळी मोठे बटनवाले, म्हणजे ठळक गट्ट्यांच्या नक्षीचे, घालायचे, म्हणजे पावसाळ्यात कुठं अडकायला नको. शेवटी दोन्ही गोष्टी तशा झाल्या नाहीत. दोनाऐवजी पाच टायर बदलले आणि बटनवाले घातले नाहीत. का, ते सविस्तर लिहितो. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात फोर बाय फोर बाळगणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न याच जातीचा असतो, आणि टायर निवडताना बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात.

डॉक्टरांचं काम आधी सांगायला हवं, कारण टायरची निवड कामातूनच ठरते. दवाखाना खानापुरात आहे, पण अडलेली म्हैस दवाखान्यात येत नाही, डॉक्टरांनाच जावं लागतं. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, पारवाड. नैऋत्येला हेम्माडग्याकडचा जंगलपट्टा. या भागात गवळी धनगरांचे वाडे आहेत, म्हशींवर जगणारी माणसं, आणि वाड्यापर्यंत जाणारी वाट म्हणजे अनेक ठिकाणी नुसती गाडीवाट. औषधं आणायला आठवड्याला बेळगाव, म्हणजे २५-२६ किलोमीटरचा मोठा रस्ता. शिवाय अधूनमधून बैलहोंगलकडे एका डेअरीवर फेरी. एकाच गाडीला एकाच आठवड्यात चौपदरी डांबर, वळणावळणाचा ओला रस्ता, जांभ्याचा मुरूम, तांबडा चिखल आणि काळी रेगड, एवढं सगळं भेटतं.

गाडीनं आधीच सांगितलेलं

टायर घेण्याआधी जुने टायर बघावेत. गिऱ्हाईक सांगत नाही ते जुना टायर सांगतो.

मागच्या दोन टायरांची नक्षी दोन मिलिमीटरवर आली होती. नक्षीच्या खोबणीत जागोजागी रबराची आडवी छोटी पट्टी असते, ती १.६ मिलिमीटरवर असते. तिच्याशी नक्षी समपातळीत आली की टायर कायद्यानंही संपला. पुढचे दोन टायर मात्र गेल्या वर्षीच घेतलेले, वेगळ्या कंपनीचे, आठ मिलिमीटर नक्षी शिल्लक. हे बघताच मी डॉक्टरांना विचारलं, फोर बाय फोर काढताना लिव्हर अडतो का.

"अडतो की ओ. वाड्यावरनं डांबराला लागलो की लिव्हर मागं येतच नाही. जरा रिव्हर्स घेतली की सुटतो."

याचं कारण गिअरबॉक्समध्ये नव्हतं, टायरांमध्ये होतं. थारसारख्या गाडीत फोर-एच, म्हणजे नेहमीच्या वेगाचं फोर बाय फोर, घातलं की पुढचा आणि मागचा एक्सल ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सची ताकद दोन्ही एक्सलना वाटणारी पेटी) एकमेकांना घट्ट जोडले जातात. दोघांनी सारख्याच फेऱ्या मारायच्या. आता पुढच्या टायरची त्रिज्या मागच्यापेक्षा सहा मिलिमीटरनं जास्त, म्हणजे व्यासात बारा मिलिमीटरचा फरक. ७३५ मिलिमीटरच्या चाकात हा फरक दीड टक्क्याच्या वर जातो. शंभर फेऱ्यांमागे दीड फेरीचं भांडण. चिखलात चाक थोडं घसरतं आणि भांडण मिटतं. पक्क्या रस्त्यावर घसरायला जागा नसते, तो ताण शाफ्टमध्ये आणि चेनमध्ये साठत जातो आणि लिव्हर आवळला जातो. रिव्हर्स घेतल्यावर ताण उलगडतो म्हणून सुटतो. कोरड्या डांबरावर फोर-एच घालायचं नाही हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, पण चारही टायर सारखे असले पाहिजेत हे त्याच नियमाचं दुसरं अंग आहे, आणि ते फार कमी जण पाळतात. फक्त मागचे दोन नवे घातले असते तर नव्या-जुन्याचा हा फरक जागा बदलून तसाच राहिला असता. म्हणून पहिला निर्णय झाला तो संख्येचा: चार, आणि दारावरची स्टेपनी धरून पाच.

दुसरी गोष्ट साईडवॉलवर दिसली. मागच्या डाव्या टायरच्या बाजूला अंगठ्याच्या नखाएवढा कापा होता, आत दोऱ्यांचं जाळं दिसत होतं. टायर रिमवरून उतरवल्यावर आतून रबराची काडी भरलेली सापडली. रस्त्याकडेच्या कुणीतरी साईडवॉलचं पंक्चर काडी घालून काढलं होतं. साईडवॉल प्रत्येक फेरीत वाकते, तिथं काडीही टिकत नाही आणि पॅचही. पंक्चर काढायचं ते फक्त नक्षीच्या मधल्या भागात, आणि तेही आतून मशरूम, म्हणजे छत्रीच्या आकाराचा पॅच, लावून. ही गाडी त्या टायरवर चौपदरी रस्त्यानं बेळगावपर्यंत येत-जात होती.

कापा कुठं बसला हे डॉक्टरांना नक्की आठवत होतं. जांबोटीच्या पुढे एका पाणंदीत, चिऱ्याच्या बांधाला घासून. जांभ्याचा चिरा नवा तासलेला असला की त्याची कड चांगलीच धारदार असते, आणि अरुंद पाणंदीत समोरून ऊस भरलेली ट्रॉली आली की गाडी बांधाला घासल्याशिवाय सुटत नाही.

किलोमीटर आणि धोका

पशुवैद्याकडे भेटींची वही असते. ती उघडून आम्ही साधारण हिशोब मांडला. दर शंभर किलोमीटरमागे सत्तर डांबर, वीस मुरूम आणि खडी, दहाच्या आत चिखल आणि गाडीवाट. काळ्या मातीचा वाटा फारच थोडा.

आकडे मांडल्यावर डॉक्टर म्हणाले, "पण अडकतो ते त्या दहातच की."

हे खरं आहे, आणि याच ठिकाणी टायरची निवड फसते. अडकलेली जागा लक्षात राहते. वाड्याच्या अलीकडं रात्री अकराला चिखलात उभं राहिलेलं कुणी विसरत नाही. पण चिखलात अडकलं तर वेळ जातो. जांबोटी ते कणकुंबी या रस्त्यावर पावसात, धुक्यात, वळणावर समोर अचानक गुरं आली आणि गाडी थांबली नाही, तर जीव जातो. या गाडीचा सगळ्यात मोठा धोका ओल्या डांबरावर होता, ७०-८० च्या वेगात, आणि तिथंच ती सगळ्यात जास्त धावत होती. म्हणून मी क्रम असा धरला: आधी ओल्या डांबरावरचा ब्रेक, मग साईडवॉलचा टिकाऊपणा, मग चिखल. टायरच्या जाहिरातीत क्रम नेमका उलटा असतो.

दोन मात्या

बाहेरून येणाऱ्याला चिखल म्हणजे चिखल वाटतो. बेळगावच्या माणसाला तसं वाटून चालत नाही. शहराच्या पश्चिमेला आणि खानापूरच्या रानात जांभा आहे, तांबडी माती. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडं काळी रेगड. आणि काळ्या मातीसाठी फार लांबही जावं लागत नाही, शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातशिवारात ती दारातच आहे. या दोन मात्या टायरशी अगदी वेगळ्या वागतात.

तांबड्या वाटेत वरचा थर निसरडा असतो, पण खाली बहुतेक ठिकाणी टणक मुरूम किंवा सलग जांभा असतो. पाऊस लागला की वर चिकणमातीचा आणि कुजलेल्या पाल्याचा पातळ लेप बसतो. गाडी सरकते ती त्या लेपावर. इथं टायरला लेप कापून खालच्या टणकाला भिडावं लागतं. अरुंद टायर हे काम चांगलं करतो, कारण तेवढंच वजन कमी रुंदीवर पडतं. रुंद टायर लेपावरच राहतो. टायरच्या खांद्यावरच्या, म्हणजे नक्षीच्या बाहेरच्या कडेच्या, गट्ट्यांना पायऱ्या-पायऱ्यांची कड असेल तर चाकोरीतून बाहेर निघताना तीच कड धरते. या जमिनीवर चांगला ऑल-टेरेन (ए/टी), म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा टायर, मनापासून काम करतो.

तांबड्या जमिनीचा दुसरा त्रास मुरमाचा. जांभ्याचे टोकदार खडे नक्षीच्या खोबणीत अडकतात आणि प्रत्येक फेरीला थोडे थोडे आत घुसतात. चढावर चाक जागच्या जागी फिरलं की गट्ट्यांच्या कडेचे तुकडे उडतात. डॉक्टरांच्या जुन्या टायरमधून आमच्या पोरानं स्क्रू ड्रायव्हरनं खडे काढले तेव्हा दोन खड्यांच्या खाली रबरात खोल खळगा पडलेला दिसला, पोलादी पट्ट्याच्या जवळ पोचलेला. चांगल्या ऑल-टेरेनमध्ये खोबणीच्या तळाला बारीक उंचवटे दिलेले असतात, ते खडा बाहेर ढकलतात. आमच्याकडं ही गोष्ट मला शोभेची वाटत नाही, ती मी मुद्दाम बघतो.

काळ्या मातीचं सगळंच निराळं. रेगडीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि जे लागेल त्याला चिकटते. खाली टणक थर सापडेपर्यंत चाक पोटापर्यंत बुडालेलं असतं. ऑल-टेरेनची नक्षी दोन-चार फेऱ्यांत भरून जाते आणि टायर गुळगुळीत होतो. मोठ्या खोबणीचा, चिखलासाठीचा मड-टेरेन (एम/टी) थोडा जास्त वेळ तग धरतो, कारण चाक वेगात फिरवलं तर त्यातली माती झटकली जाते. पण मग मडगार्डच्या आत माती साठत जाते आणि चाकच आवळतं. भर पावसात शेतातल्या काळ्या वाटेवर ट्रॅक्टरशिवाय जाण्याजोगा रस्त्याचा टायर माझ्या माहितीत नाही. तशा जमिनीसाठी टायर निवडायचा म्हटलं तर उरलेले सगळे किलोमीटर बिघडतात. डॉक्टरांना मी स्पष्ट सांगितलं की बैलहोंगलचा प्रश्न टायरनं सुटणार नाही, तिथं मुख्य रस्त्यावर गाडी लावून पुढचं अंतर डेअरीच्या ट्रॅक्टरवरून जायचं. त्यांनी फोन करून डेअरीवाल्यांना तिथंच विचारलं. ते लगेच हो म्हणाले. निवडीतला सगळ्यात अवघड भाग तिथं मिटला.

काय काय नाकारलं

साधा हायवे टायर (एच/टी), म्हणजे आधीचाच प्रकार. सत्तर टक्के डांबर बघता हा पर्याय वाटतो त्यापेक्षा बराच चांगला होता. ओल्या डांबरावर चांगला एच/टी सहसा ए/टीपेक्षा लवकर थांबतो, आवाज कमी, डिझेल कमी. केवळ कणकुंबीपर्यंत डांबरानं जाऊन परत येणारा माणूस असता तर मी हाच सुचवला असता, गाडीत फोर बाय फोर असली तरी. डॉक्टरांच्या बाबतीत तो मागं पडला तो साईडवॉलमुळं आणि खांद्याच्या गट्ट्यांमुळं. पाणंदीतल्या चाकोरीतून बाहेर येताना एच/टीचा गोल खांदा काहीच धरत नाही.

मड-टेरेन, म्हणजे डॉक्टरांनी मागितलेला बटनवाला. गट्ट्यांमध्ये मोठ्या मोकळ्या जागा, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. गट्टे मोठे आणि त्यांच्यावर बारीक चिरा कमी, म्हणून ओल्या गुळगुळीत डांबरावर पकड कमी. चौपदरीवर घरघर सतत आणि डांबरावर झीज लवकर. ज्याची गाडी वर्षभर रानातच असते त्याच्यासाठी तो बनवलेला आहे.

मग मोठं माप. २४५/७५ आर १६ घालावा असं डॉक्टरांच्या मित्रांनी सुचवलं होतं. गणित करून बघितलं. २३५/७० चा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर, २४५/७५ चा ७७४. फरक पाच टक्क्यांच्या थोडा वर. गाडी उचलली जाते ती याच्या निम्म्यानं, म्हणजे १९ मिलिमीटर. बोटभर उंचीसाठी मोबदला असा: काट्यावर ६० दिसतं तेव्हा गाडी ६३ नं जाते, प्रत्येक गिअर पाच टक्क्यांनी लांबतो, म्हणजे फोर-लोमध्ये (फोर बाय फोरचा संथ, जास्त ताकदीचा टप्पा) हळू चढायची ताकद तेवढी घटते, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासण्याची शक्यता येते, आणि जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त काम पडतं. शिवाय कंपनीनं मान्य न केलेलं माप घातलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न उभा राहतो, आणि अपघात झाला तर विम्यावाल्यांना बोट ठेवायला जागा मिळते. २४५/७० मध्ये फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो, तो वाईट नव्हता. पण त्यानं फक्त रुंदी वाढत होती, आणि तांबड्या लेपावर आम्हाला रुंदी नको होती.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एलटी टायरच्या चर्चेत. मापाच्या आधी 'एलटी' लिहिलेला ए/टी म्हणजे हलक्या ट्रकसाठीचा. साईडवॉल जाड, थर जास्त, कापे सोसण्यात नक्कीच पुढे. डॉक्टरांचा मूळ त्रासच साईडवॉलचा होता, म्हणून ते त्याकडं झुकले. माझं मत विरुद्ध पडलं. हा टायर प्रत्येकी काही किलो जड असतो, तेवढंच वजन पेलायला त्यात हवा जास्त लागते, आणि थार लहान आणि हलकी गाडी. मागं पाट्यांचं सस्पेन्शन आधीच कडक. हवा कमी केल्यावर टायर पसरून जमिनीला टेकायला हवा, आणि जाड साईडवॉल हलक्या गाडीखाली पुरेशी पसरत नाही. तांबड्या चिखलात हवा कमी करणं हाच आमचा मुख्य इलाज असणार होता. पाठीमागं सतत सामान भरलेली पिकअप असती तर मी एलटीच सुचवला असता. यावर दुमत असू शकतं. पश्चिमेच्या जंगलात रोज गाडी घालणारे काही जण एलटीशिवाय दुसरं काही घालत नाहीत आणि त्यांची कारणंही खरी आहेत.

उरला तो मूळ मापातला, साध्या भाराचा ए/टी.

हातात टायर घेऊन

कोणत्या कंपनीचा घेतला ते लिहीत नाही, कारण त्यानं वाचणाऱ्याची दिशाभूलच होईल. एकाच नावाचा, एकाच नक्षीचा टायर दोन मापांत वेगळा निघतो. थरांची संख्या बदलते, भार बदलतो. नावापेक्षा त्या मापाच्या त्या टायरवर काय छापलंय ते वाचावं. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, योकोहामा, सगळ्यांकडं ए/टी आहे, आणि ए/टी या दोन अक्षरांखाली एच/टीच्या जवळचे आणि एम/टीच्या जवळचे असे दोन्ही प्रकार विकले जातात.

डॉक्टरांसमोर दोन टायर जमिनीवर आडवे ठेवले. गट्ट्यांवरच्या बारीक चिरा किती आणि किती खोल आहेत ते बघितलं, कारण ओल्या डांबरावर पाण्याचा पातळ पापुद्रा फोडतात त्या या चिरा. एकात त्या वरवरच्या होत्या, नक्षी अर्धी झिजली की नाहीशा होणाऱ्या. दुसऱ्यात जवळजवळ तळापर्यंत. तिथंच निवड झाली. साईडवॉलवर थरांची माहिती छापलेली असते, ती वाचली. भाराचा आकडा १०६, म्हणजे एका टायरमागे ९५० किलो, आधीइतकाच. वेगाचं अक्षर एस, म्हणजे १८०, पुरेसं. मग तयार झाल्याची तारीख: चौकटीतले चार अंक, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. पाचही टायर एकाच सालातले, शक्यतो लागोपाठच्या आठवड्यांतले असावेत. दुकानदार म्हणून सांगतो, हे बघायचा आग्रह धरावा, कुणी रागावत नाही.

डोंगर आणि हिमकणाची खूण असलेला टायर जास्त चांगला का, असं डॉक्टरांनी विचारलं. ती खूण बर्फावरच्या चाचणीची आहे. कणकुंबीच्या पावसाशी तिचा संबंध नाही, तिच्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

गोव्यात किंवा कोल्हापुरात स्वस्त मिळेल का हाही प्रश्न आला. जीएसटीनंतर तिन्हीकडं कर एकच आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवर २८ ऐवजी १८ टक्के. फरक पडतो तो दुकानदाराच्या नफ्याचा, आणि बिघाड निघाला तर परत कुठं जायचं याचा.

हवा

माझ्या मते या प्रकरणातला निम्मा फायदा टायरचा आहे आणि निम्मा हवेचा. डॉक्टरांनी टायरबरोबर हवेचा पंप आणि चांगलं मीटर घेतलं. पंप थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा, लायटरच्या सॉकेटमधून चालणारा नव्हे. एवढ्या मोठ्या टायरला त्याचा जीव पुरत नाही.

डांबरावर कंपनीनं सांगितलेली हवा, टायर थंड असताना मोजलेली. गाडीवाटेला लागायच्या आधी २२ ते २४ पीएसआय. टायर लांबट होऊन टेकतो, जास्त गट्टे एकदम जमिनीला लागतात, आणि टोकदार दगडावर रबर ताणलेलं नसल्यामुळं सहज कापत नाही. त्याहून फार खाली जायचं नाही, वळताना रिमवरून टायर सुटू शकतो. वेग तीसच्या आसपास. एक सावधगिरी मात्र लागतेच: हवा कमी झाली की साईडवॉल बाहेर फुगते, म्हणून चिऱ्याच्या बांधाजवळून जाताना जास्त जपायचं.

आणि डांबराला लागताच हवा परत भरायची. डॉक्टरांना हे कंटाळवाणं वाटत होतं, म्हणून त्यांना एक हिशोब दाखवला. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागतो तो वेग मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतो. विमानाच्या चाकांच्या चाचण्यांतून आलेलं जुनं ढोबळ सूत्र लावलं तर ३० पीएसआयला तो वेग ९० किलोमीटरच्या आसपास येतो आणि २२ पीएसआयला ७८. प्रत्यक्षात नक्षी आणि पाण्याची खोली यांवर आकडे वरखाली होतात, पण कल तोच राहतो. खानापूर-बेळगाव रस्त्यावर पावसात ८० नं जाणारी गाडी २२ वर असेल तर ती कधीही पाण्यावर उचलली जाऊ शकते. त्यानंतर त्यांनी पंप सीटखाली ठेवायचा सोडून हाताशी ठेवला.

पावसाळ्यात काय झालं

जून ते सप्टेंबर गाडी नेहमीसारखीच फिरली. लिव्हर अडायचा थांबला, तो पहिल्याच आठवड्यात. ओल्या रस्त्यावर ब्रेकचा भरवसा आधीपेक्षा पुष्कळ वाढला असं डॉक्टरांचं म्हणणं. त्यात संपलेल्या टायरच्या जागी नवा आल्याचा वाटा मोठा आहे हे लक्षात घ्यायला हवं, कुठलाही चांगला नवा टायर त्यांना तसाच वाटला असता. ६०-७० ला बारीक घुमण्याचा आवाज आला आणि राहिला. डिझेल थोडं जास्त लागतं.

जुलैत एका रात्री पारवाडच्या पुढच्या वाड्यावर म्हैस अडल्याचा फोन आला. ओढ्याच्या पलीकडचा चढ पालापाचोळ्यानं भरलेला, ट्रॉलीच्या चाकोऱ्या खोल. गेल्या वर्षी याच चढावर गाडी खाली ठेवून ते चालत गेले होते. या वेळी त्यांनी ओढ्याच्या अलीकडं उतरून बॅटरीच्या उजेडात चारही चाकांची हवा २२ वर आणली, फोर-लो घातलं, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न दाबता सोडली. वरून एक म्हातारे मामा कंदील घेऊन उतरत होते, ते ओरडले, "डावीकडनं या डॉक्टर, उजवीकडं चिरा हाय." डावीकडं चाकोरीच्या कडेवर खांद्याचे गट्टे धरले आणि गाडी वर आली. वासरू वाचलं, म्हैसही वाचली. सकाळी उजव्या मागच्या साईडवॉलवर बोटभर लांबीचा ओरखडा दिसला, वरच्या रबरापुरताच. दोऱ्यांपर्यंत गेलेला नाही हे आम्ही टायर उतरवून, आतून हात फिरवून तपासलं.

काळ्या मातीनं मात्र एकदा हिसका दाखवलाच. ऑगस्टमध्ये बैलहोंगलकडं ट्रॅक्टर दुसरीकडं गेला होता, ऊन पडलं होतं, वाट वरून वाळल्यासारखी दिसत होती. पन्नास पावलांवर गाडी पोटाला टेकली. हवा कमी करून काही फरक पडला नाही, पडणारही नव्हता. दुपारी ट्रॅक्टर येऊन ओढेपर्यंत तिथंच. मडगार्डमधली माती नंतर आमच्याकडं लोखंडी पट्टीनं खरवडून काढावी लागली, आणि रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळलेल्या गोळ्यामुळं चौपदरीवर स्टिअरिंग थरथरत होतं. अनेक जण अशा वेळी बॅलन्सिंग करून नवं शिसं लावून घेतात. आधी रिम आतून धुवावी, मग गरज उरली तरच बॅलन्सिंग.

सप्टेंबरअखेर गाडी तपासणीला आली तेव्हा पुढच्या टायरांवर हात फिरवला. एका दिशेनं तळवा मऊ गेला, उलट दिशेनं करवतीसारखी धार लागली. बाहेरच्या गट्ट्यांची एकेक कड जास्त झिजत होती. मोठ्या गट्ट्यांच्या टायरमध्ये हे थोडंफार होतंच, पण इथं टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन, बिघडलेला निघाला, खड्ड्यांचा परिणाम. अलाइनमेंट करून टायर फिरवले, आणि स्टेपनी त्या फेऱ्यात घेतली. पाचही टायर आळीपाळीनं चालले की प्रत्येकाला एकूण अंतराच्या ऐंशी टक्केच धावावं लागतं, आणि मुख्य म्हणजे पाचवा टायर बाकीच्यांइतकाच झिजलेला राहतो. जंगलात साईडवॉल फाटली आणि स्टेपनी लावावी लागली, तर फोर बाय फोर वापरताना मापाचा फरक उभा राहत नाही.

नक्षी सध्या सगळीकडं जवळपास सारखी आहे. एक गोष्ट आम्ही आत्ताच ठरवून ठेवली. १.६ मिलिमीटरची पट्टी येईपर्यंत हे टायर चालवायचे नाहीत. तांबड्या लेपावर आणि साचलेल्या पाण्यावर खोली कामाला येते, आणि माझ्या अनुभवात चार मिलिमीटरच्या खाली ए/टी हा नुसता नावाचा ए/टी उरतो. दर मे महिन्यात मोजायचं. पाचांपैकी सगळ्यात झिजलेल्याची खोली पावसाळ्याच्या तोंडावर पाच मिलिमीटरच्या आत आली असेल तर संच त्याच वेळी बदलायचा, आणि उतरवलेले टायर फक्त डांबरावर चालणाऱ्या, मागच्या दोन चाकांवरच धावणाऱ्या एखाद्या गाडीवाल्याला मापात बसत असतील तर त्यांचं वय आणि खोली सांगून कोरड्या दिवसांपुरते द्यायचे. साईडवॉलवर ओरखडा असलेला टायर मात्र कुणालाच द्यायचा नाही.